जेम्सटाऊन आणि प्लायमथ : आरंभीच्या इंग्रज वसाहतींचा तुलनात्मक अभ्यास



स्पेनच्या अमेरिकेतील साम्राज्याचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. इंग्रज या क्षेत्रात उशिरा उतरले. वॉल्टर रॅले यांच्या पुढाकाराने १५८५ व १५८७ मध्ये रोआनोक बेटावर वस्ती करण्याचे प्रयत्न झाले. ते फसले. टिकून राहिलेली पहिली इंग्रज वसाहत म्हणजे १६०७ मधील व्हर्जिनियातील जेम्सटाऊन. तेरा वर्षांनी, बरेच उत्तरेला, प्लायमथ वसले. या दोहोंची तुलना करताना उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास आढळते : ‘जेम्सटाऊनचे लोक सोन्यासाठी गेले, तर प्लायमथचे धर्मासाठी.’ हे वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. हेतू समजला म्हणजे परिणाम समजला असे होत नाही. कोण आले, कोणत्या भूमीवर आले आणि त्या भूमीवर कोण राबले, हे प्रश्न विचारल्यावाचून या तुलनेला अर्थ येत नाही.

जेम्सटाऊन हा व्हर्जिनिया कंपनीचा, म्हणजे भागभांडवलावर उभारलेल्या व्यापारी संस्थेचा उपक्रम होता. येथे आपल्या इतिहासाशी एक दुवा जुळतो. या कंपनीचे प्रमुख सर थॉमस स्माइथ हेच ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर होते. सुरतेच्या वखारीसाठी आणि जेम्सटाऊनसाठी पैसा पुरवणारी लंडनची मंडळी परस्परांना परकी नव्हती.

मे १६०७ मध्ये उतरलेल्या सुमारे १०४ जणांत एकही स्त्री नव्हती. पुढील जानेवारीपर्यंत त्यांपैकी जेमतेम ३८ जण जिवंत राहिले. ‘उमराव घराण्यातील आळशी माणसे कष्टाला तयार नव्हती’ हे कारण समकालीन लेखनात वारंवार येते व पाठ्यपुस्तकेही ते उचलतात. त्यात तथ्य आहे. मात्र सारी भिस्त त्यावर ठेवू नये. जागा दलदलीची होती आणि नदीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असे. शिवाय त्या प्रदेशातील जुन्या वृक्षांच्या वाढवलयांवरून १६०६ ते १६१२ या काळात तेथे तीव्र अवर्षण होते असे दिसते. मक्यासाठी इंग्रज ज्या पॉव्हॅटन लोकांवर अवलंबून होते, त्यांच्याच कणग्या भरलेल्या नव्हत्या. मग देवाणघेवाणीची जागा बळजबरीने घेतली. १६०९-१० चा हिवाळा ‘उपासमारीचा काळ’ म्हणून ओळखला जातो. तो संपला तेव्हा जेम्सटाऊनमध्ये सुमारे ६० माणसे उरली होती.

वसाहत वाचली ती तंबाखूमुळे. जॉन रॉल्फ यांनी १६१२ च्या सुमारास कॅरिबियन जातीची लागवड सुरू केली. तंबाखू काही वर्षांतच जमिनीचा कस शोषून घेतो आणि हातांना उसंत देत नाही. म्हणजे सतत नवी जमीन हवी आणि सतत नवे मजूर हवेत. १६१८ मध्ये कंपनीने नियम केला, की जो कोणी एका माणसाचा प्रवासखर्च सोसेल त्याला ५० एकर जमीन मिळेल. मजूर आणणाऱ्याला जमीन मिळू लागली आणि आणलेला मजूर काही वर्षांच्या कराराने बांधला गेला. १६१९ हे वर्ष विशेष लक्षात ठेवा. जुलैअखेरीस जेम्सटाऊनच्या चर्चमध्ये निर्वाचित प्रतिनिधींची पहिली सभा भरली आणि ऑगस्टअखेरीस वीसहून काही अधिक आफ्रिकी बंदिवान किनाऱ्यावर आणून विकले गेले. जमिनीच्या या भुकेला पॉव्हॅटनांनी १६२२ मध्ये उत्तर दिले. त्या हल्ल्यात ३४७ वसाहतवासी मारले गेले. दोन वर्षांनी कंपनीची सनद रद्द होऊन व्हर्जिनिया राजाच्या अखत्यारीत आले.

आता प्लायमथकडे वळू. १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’मधून आलेल्या १०२ प्रवाशांपैकी सर्वच जण धार्मिक कारणाने निघालेले नव्हते, आणि प्रवासाचा खर्च येथेही लंडनच्या व्यापाऱ्यांनीच उचलला होता. श्रद्धेने मृत्यूला अडवले नाही. पहिल्या हिवाळ्यात निम्मे लोक दगावले. उरलेले तगले, यामागे एक भीषण योगायोग होता. त्यांनी वस्ती केली ते पॅटक्सेट हे गाव १६१६ नंतरच्या साथीत ओस पडले होते. तेथील शेते आधीच साफ केलेली होती. त्याच गावचा टिस्क्वांटम याला १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनला नेले होते. इंग्लंडमार्गे तो परतला तेव्हा त्याचे गावच उरले नव्हते. त्याने या नवागतांना मका लावायला शिकवले. वॉम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट याने १६२१ मध्ये इंग्रजांशी तह केला, तो निव्वळ औदार्याने नव्हे. साथीची झळ न लागलेले नॅरागान्सेट शेजारी प्रबळ झाले होते आणि त्याला मित्र हवा होता.

प्लायमथ स्वतः लहानच राहिले. प्रदेशाला आकार दिला तो १६३० पासून आलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी. दहा वर्षांत सुमारे २० हजार लोक आले, आणि ते प्रामुख्याने कुटुंबकबिल्यासह. थंड हवेत मलेरियासारखे रोग कमी होते. मुले जगली व लोकसंख्या घरातच वाढू लागली. व्हर्जिनियात मात्र पुरुष फार आणि स्त्रिया थोड्या, त्यामुळे प्रत्येक जहाजातून नवी माणसे आणावी लागत. उत्तरेची खडकाळ जमीन तंबाखूची नव्हती; म्हणून तेथे घरची शेती, मासेमारी आणि प्रार्थनागृहाभोवतीची गावे वाढली. बायबल वाचता यावे म्हणून १६४७ मध्ये ५० कुटुंबांच्या गावाला शिक्षक नेमणे बंधनकारक झाले.

तथापि उत्तरेला ‘स्वातंत्र्याची भूमी’ म्हणताना हात आखडता घ्यावा. प्युरिटनांना स्वतःच्या उपासनेचे स्वातंत्र्य हवे होते, इतरांच्या नव्हे. रॉजर विल्यम्स आणि ॲन हचिन्सन यांना मतभेदापायी हद्दपार व्हावे लागले. १६३७ मध्ये मिस्टिक येथील पीक्वॉट वस्ती माणसांसकट जाळण्यात आली आणि युद्धात पकडलेल्या काही पीक्वॉटांना गुलाम म्हणून समुद्रापार विकले गेले. १६४१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या विधिसंहितेने गुलामगिरीला कायद्यात जागा दिली.

आपली प्रगती तपासा : १६१८ चा ५० एकरांचा नियम मॅसॅच्युसेट्सच्या जमिनीवर लागू केला असता, तर तेथे व्हर्जिनियासारखाच समाज निर्माण झाला असता काय? हवामान, पीक आणि कुटुंबरचना या तिन्हींचा आधार घेऊन १५० शब्दांत लिहा. उत्तरात ‘सोने’ आणि ‘धर्म’ हे शब्द न वापरता लिहिण्याचा प्रयत्न करा.