मोठ्या क्लबचे बोलावणे



यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली. त्या पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात आम्ही भिंतीवर नकाशा लावीत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपले खेळाचे सर दुसऱ्या शाळेत जाणार, हे खरे का?" वर्ग एकदम शांत झाला. ज्या शिक्षकांनी धड मैदान नसताना दोन वर्षांत या मुलांचा फुटबॉल संघ उभा केला, त्यांना शहरातील एका मोठ्या शाळेने बोलावले होते. तिला स्वतःचे प्रशस्त मैदान आहे, साहित्याला तोटा नाही आणि वेतनही अधिक. आम्ही उत्तर दिले नाही. "नकाशाकडे लक्ष द्या," असे म्हणून वेळ मारून नेली.

प्रश्न मात्र मनात राहिला. फुटबॉलच्या जगात हा प्रश्न दर हंगामाच्या शेवटी विचारला जातो. लहान क्लबला यश मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकाला मोठ्या क्लबचे बोलावणे आले, तर तो जाईल काय? आणि त्याने जावे काय? त्या दिवशी टाळलेले उत्तर आज सवडीने शोधावयाचे आम्ही योजिले आहे.

व्यवस्थापक म्हणजे कोण?

आपल्याकडे संघाचा व्यवस्थापक म्हटले की तिकिटे काढणारा, उतरण्याची सोय पाहणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडात तसे नाही. तेथे व्यवस्थापक हाच संघाचा खरा कर्ता पुरुष. सामन्यात कोणास खेळवावयाचे, कोणास बसवावयाचे, बचावाला किती व चढाईला किती गडी ठेवावयाचे, हे सर्व तोच ठरवितो. कोणता खेळाडू विकत घ्यावा, याविषयीही त्याचा शब्द जड असतो. आपल्या देशात हेच काम बहुतांशी मुख्य प्रशिक्षक करतो. मैदानावर त्याचा पाय पडत नाही, परंतु संघ हरला की पहिला दोष त्याच्याच माथी येतो. जिंकला की हार मात्र गोल करणाऱ्याच्या गळ्यात पडतो!

जो राहिला

आमचे घर गोव्याचे, मातृभाषा कोंकणी. लहानपणी मडगावजवळच्या फातोर्ड्याच्या मैदानावर आम्ही धेंपो स्पोर्ट्स क्लबचे सामने पाहिले. त्या संघाचे प्रशिक्षक होते आर्मांदो कुलासो. २००४ च्या ५ डिसेंबरला बंगळुरात फेडरेशन चषकाचा अंतिम सामना मोहन बागानविरुद्ध झाला. धेंपोने तो २–० असा जिंकला. दोन्ही गोल ख्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या तरुण खेळाडूने केले. परंतु दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. चषक हाती आणि सोबती गमावलेला, अशा अवस्थेत तो संघ गोव्यात परतला. त्याच हंगामात त्याने राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद मिळविले. शोकाने खचलेल्या तरुणांना पुन्हा मैदानावर उभे करणे हे डावपेचांच्या पलीकडचे काम आहे, हे आम्हांस तेव्हा कळले नव्हते. आज कळते.

पुढे २००६–०७, २००७–०८, २००९–१० आणि २०११–१२ या हंगामांतही धेंपो राष्ट्रीय विजेता ठरला. म्हणजे आठ हंगामांत पाच विजेतेपदे. २००८ साली आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषक स्पर्धेत हा क्लब उपान्त्य फेरीपर्यंत गेला. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे गोव्याचे खेळाडू त्या संघाचा कणा होते.

आता 'मोठा क्लब' या शब्दाकडे पाहा. कोलकात्याचा मोहन बागान १८८९ सालचा. १९११ साली अनवाणी खेळाडूंनिशी गोऱ्या पलटणीला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकणारा. ईस्ट बंगाल १९२० सालचा. त्यांच्या सामन्यांना लाख-लाख प्रेक्षक लोटल्याचे दाखले आहेत. उलट २०११ च्या जनगणनेत संपूर्ण गोव्याची लोकसंख्या १५ लाखांच्या आतच होती आणि एकट्या सुरत शहराची ४४ लाखांहून अधिक! तरीही त्या आठ हंगामांत देशातील सर्वोत्तम संघ कोलकात्यात नव्हता, तो गोव्यात होता. तेव्हा मोठेपण प्रेक्षकांच्या संख्येने मोजावे की चषकांच्या, हा पहिला विचार. नाव मोठे ते घर मोठेच असते, असे नाही.

कुलासो तब्बल तपाहून अधिक काळ धेंपोत राहिले. २०११ साली काही काळ भारतीय संघाची धुराही त्यांनी सांभाळली. धेंपोतून ते २०१३ साली बाहेर पडले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ईस्ट बंगालमध्ये रुजू झाले. त्या हंगामात ईस्ट बंगाल लीगमध्ये दुसरा आला, परंतु २०१५ च्या फेब्रुवारीत त्यांना तेथूनही जावे लागले. ज्या माणसाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, त्यालाही मोठ्या क्लबात दीड वर्ष पुरते मिळाले नाही.

जो गेला

दुसरे उदाहरण खालिद जमील यांचे. मुंबईच्या मैदानांवर खेळलेले हे प्रशिक्षक २००९ पासून सात वर्षे मुंबई एफ.सी. या क्लबात राहिले. पैसा बेताचा, खेळाडू साधारण. पहिल्या क्रमांकाची आशा नाही, केवळ खालच्या श्रेणीत घसरू नये एवढीच धडपड. ती त्यांनी दर वर्षी यशस्वी केली. २०१६ साली त्यांना तो क्लब सोडावा लागला आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफ.सी. तळाशी जाऊन लीगमधून बाद झाला. पिकते तिथे विकत नाही, म्हणतात ते असे!

जमील मिझोरमच्या ऐझॉल एफ.सी. या क्लबात गेले. हा क्लब आदल्या हंगामात बाद ठरला होता. गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब लीगमधून बाहेर पडल्यावर जागा रिकामी झाली, म्हणून त्याला पुन्हा घेतले. अशा संघाने २०१७ च्या एप्रिलमध्ये आधी मोहन बागानला १–० असे हरविले आणि ३० एप्रिलला शिलाँग येथे शेवटचा सामना बरोबरीत सोडविला. पहिला गोल शिलाँगच्या संघाने केला होता. उत्तरार्धात ऐझॉलने तो फेडला. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६! ईशान्य भारतातील क्लब प्रथमच राष्ट्रीय विजेता झाला.

त्यानंतर काही महिन्यांतच जमील ईस्ट बंगालमध्ये गेले आणि त्यांच्यामागून ऐझॉलचे काही प्रमुख खेळाडूही. २००४ पासून राष्ट्रीय विजेतेपदासाठी आसुसलेल्या त्या क्लबाला ते हवे होते. पहिल्याच हंगामात ईस्ट बंगाल अखेरच्या दिवसापर्यंत झुंजला आणि चौथा आला. लहान क्लबात चौथा क्रमांक हा उत्सव असतो. मोठ्या क्लबात तो अपराध ठरतो. हंगामाअखेर जमील तेथून निघाले. तथापि त्यांची वाट तेथे संपली नाही. नॉर्थईस्ट युनायटेड आणि जमशेदपूर या क्लबांत त्यांनी नाव राखले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांची भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेव्हा मोठ्या क्लबात गेल्याने त्यांचे नुकसान झाले, असे म्हणता येणार नाही. आणि फायदाच झाला, असेही नाही.

परदेशातील दोन दाखले

स्कॉटलंडातील ॲबर्डीन या क्लबात ॲलेक्स फर्ग्युसन १९७८ ते १९८६ अशी आठ वर्षे राहिले. तीन वेळा देशाची लीग जिंकली. १९८३ साली रेआल माद्रिदसारख्या बलाढ्य संघाला हरवून युरोपचा एक चषक आणला. मग ते मँचेस्टर युनायटेडमध्ये गेले. तेथे पहिले लीग विजेतेपद मिळावयास १९९३ साल उजाडले. मोठ्या क्लबने साडेसहा वर्षे धीर धरला, म्हणून पुढची बारा विजेतेपदे मिळाली.

उलट ब्रायन क्लफ यांची कथा. १९७२ साली त्यांनी डर्बी काउंटी या साध्या क्लबाला इंग्लंडचा विजेता केले. १९७४ साली ते लीड्स युनायटेड या नामांकित क्लबात गेले, तो ४४ दिवसांतच त्यांना निरोप मिळाला! पुढे दुसऱ्या श्रेणीतील नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा क्लब त्यांनी हाती घेतला. १९७८ साली तो इंग्लंडचा आणि १९७९ व १९८० साली युरोपचा विजेता झाला. दुरून डोंगर साजरे, हे त्यांच्याइतके कोणास पटले असेल?

जाण्याची आणि राहण्याची कारणे

या चौघांकडे एकत्र पाहिले म्हणजे काही गोष्टी ध्यानात येतात. प्रशिक्षक जातो तो केवळ पैशासाठी, असे मानणे अन्यायाचे होईल. प्रशिक्षकाचा पेशा अस्थिर आहे. चार पराभव झाले की नोकरी धोक्यात येते. म्हणून पत आहे तोवर पाऊल उचलावे, असे त्याला वाटते. चांगले खेळाडू हाताळावे, आपली विद्या मोठ्या कसोटीवर घासून पाहावी, हीही इच्छा असते. शिवाय निष्ठेचा भार एकट्या प्रशिक्षकानेच का वाहावा? मुंबईचा महिंद्र युनायटेड हा क्लब २००५–०६ साली राष्ट्रीय विजेता होता. २०१० साली मालकांनी तो बंदच केला. क्लबच मैदान सोडून जातात, तेथे माणसाने काय करावे?

राहण्याची कारणेही तितकीच सबळ आहेत. लहान क्लबात त्याचा शब्द चालतो. खेळाडू त्यानेच घडविलेले असतात. कोणाच्या घरी काय अडचण आहे, हे त्याला ठाऊक असते. चूक सुधारावयास उसंत मिळते. मोठ्या क्लबात सर्व असते, फक्त उसंत नसते.

आमची एक चूक

येथवर दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. सुरतेस येण्यापूर्वी आम्ही गोव्यातील एका लहान गावच्या शाळेत शिकवीत होतो. संध्याकाळी मुलांना फुटबॉलचे चार धडे देत असू. येथली नोकरी मिळाली, तेव्हा आम्ही वर्षाच्या मध्यावर ती शाळा सोडली. सोडली याचा खेद नाही. घरच्या जबाबदाऱ्या होत्या. खेद याचा की, मुलांना आम्ही सांगितले नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही. शनिवारी नेहमीप्रमाणे "सोमवारी भेटू" म्हणालो आणि सोमवारी आगगाडीत होतो. पुढे कळले की त्या सोमवारी मुले चेंडू घेऊन अंधार पडेपर्यंत वाट पाहत होती. आठवीच्या वर्गात आमच्याने उत्तर देववले नाही, त्याचे कारण हे.

मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांचे वडील वा आजोबा जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मागांच्या कामासाठी या शहरात आले. लिंबायत-उधन्याच्या वस्त्या अशाच वसल्या. त्यांनीही एका लहान गावाचा निरोप घेऊन मोठ्या गावचे बोलावणे स्वीकारले. त्यांना कोणी कृतघ्न म्हणेल काय? तेव्हा जाणे हा दोष नव्हे. कसे गेलो, सांगून गेलो की चोरून, हाती घेतलेले काम पुरे केले की अर्धे टाकले, आणि आपल्या मागे काही उभे राहील अशी तजवीज केली की नाही, यावरून माणसाची परीक्षा करावी. कुलासो गेल्यावर दोन वर्षांनी, २०१५ साली, धेंपो क्लब लीगमधून बाद झाला. तो केवळ त्यांच्या जाण्याने झाला असे म्हणणे न्यायाचे नाही. परंतु एका माणसाच्या खांद्यावर सारे घर उभे असेल, तर त्या घराने वेळीच दुसरा खांब रोवला पाहिजे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आमच्या खेळाच्या सरांनी मागील आठवड्यात संघाला एकत्र बसवून सर्व हकीकत स्वतः सांगितली. निर्णय अजून व्हावयाचा आहे, परंतु काहीही झाले तरी वार्षिक परीक्षेपर्यंत सराव सुटणार नाही, असे त्यांनी वचन दिले. त्याच दिवशी त्यांनी नववीतील दोघांना लहान मुलांचा सराव घेण्याचे काम सोपविले. आम्ही दाराआड उभे राहून ते ऐकले आणि मनोमन त्यांना नमस्कार केला. हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा त्यांचा निर्णय झालेला असेल. ते राहिले तर आनंद करा. गेले तर निरोप द्यावयास सर्वजण या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चेंडू घेऊन मैदानावर वेळेवर हजर राहा.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. 'मोठा क्लब' कोणास म्हणावे? चषक, प्रेक्षक, पैसा आणि इतिहास यांपैकी तुम्ही कशास अधिक महत्त्व द्याल?

२. जमील यांनी ऐझॉल सोडावयास नको होते, असे तुम्हांस वाटते काय? दोन्ही बाजूंची कारणे लिहा.

३. आपले कुटुंब सुरतेस केव्हा व का आले, गाव सोडताना कोणाचा निरोप घेतला, हे घरातील वडील मंडळींना विचारा आणि दहा ओळींत लिहून आणा.