रणांगणावरील पत्र
(पत्रलेखन व इतिहास यांच्या जोडपाठासाठी)

पत्रलेखनाचा पाठ घेताना मायना, मजकूर व पत्ता एवढ्यावर आपण बहुधा थांबतो. पत्र कोणासाठी व कोणत्या अडचणीतून लिहिले जाते हे मुलांस उमगावे, यासाठी पहिल्या महायुद्धातील हिंदी सैनिकांच्या पत्रांचा शिक्षकांनी अवश्य उपयोग करावा.

१९१४ च्या सप्टेंबरअखेरीस इंग्रज सरकारच्या हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या फ्रान्समधील मार्सेल्स बंदरात उतरल्या. बहुतेक शिपाई शेतकऱ्यांचे पुत्र; पुष्कळांस लिहिता येत नव्हते. खंदकातील पाळी संपवून पलटण मागच्या खेड्यात विसाव्यास आली, की चिखल खरवडणे, हत्यारे पुसणे ही कामे उरकत आणि मंडळी एखाद्या साक्षर सोबत्याभोवती जमत. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. आईला सांगावयाचे गुज असे चारचौघांत बोलावे लागे. गावीही ते कोणी शिकलेला मनुष्यच वाचून दाखवी. पुष्कळदा तो शाळेचा गुरुजी असे.

वाटेत आणखी एक वाचक होता. पलटणीतील तपासणीनंतर बूलोन येथील कचेरीत ही पत्रे पुन्हा तपासली जात. म्हणून शिपायांनी युक्त्या काढल्या. हिंदी शिपाई म्हणजे ‘काळी मिरी’ आणि गोरे म्हणजे ‘लाल मिरची’. तपासनिसांनी हे ओळखले होते, असे सांगताच वर्गात हशा पिकेल. तेथे थोडे थांबावे, आणि काळी मिरी संपत आली म्हणजे काय झाले, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

उपलब्ध उतारे मुख्यतः पंजाबकडील शिपायांचे आहेत. त्यांत लढाईइतकीच पिकांची, गुरांची, कर्जाची व भाऊबंदकीची चौकशी आढळते. फ्रान्सच्या खेड्यांतील शिकलेल्या स्त्रिया पाहून काहींनी मुलींस शाळेत घालण्याविषयी घरी कळविले. आपल्या कितीएक परिपत्रकांहून हा आग्रह मला मोलाचा वाटतो!

मराठा पलटणींचे मोठे रणक्षेत्र मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. तेथे कूत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा होता. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी त्यात सापडल्या. अन्न सरत गेले. घोडे-खेचरे मारण्याची वेळ आली, पण धर्मभावनेमुळे अनेक हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारले. शरणागतीनंतर कैद्यांस वाळवंटातून पायी नेण्यात आले व फार मोठ्या संख्येने माणसे दगावली. अशा वेळी घरच्यांजवळ उरे ते शेवटचे आलेले पत्र.

पाठाच्या शेवटी मुलांस घरून शिपायास जाणारे उत्तर लिहावयास सांगावे. अट एवढीच, की निरक्षर आई ते सांगत आहे व मुलाच्या हाती पडण्यापूर्वी परके लोक ते वाचणार आहेत. ज्याच्या घरचे कोणी सैन्यात आहे, अशा मुलास त्याचे पत्र वर्गात मोठ्याने वाचावयास लावू नये. शिक्षकांनी ते स्वतः मनातच वाचावे.