नैराश्य बरे झाले हे कसे ओळखतात?

हिवताप गेला की नाही हे पाहायचे असेल, तर रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मोडलेले हाड सांधले की नाही हे क्ष-किरणांच्या छायाचित्रात दिसते. पण नैराश्याचा, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात त्या आजाराचा रोगी बरा झाला, हे कशावरून ठरवायचे? हे नेमके सांगणारी रक्ताची तपासणी आजही दवाखान्यात नाही.

म्हणून येथे प्रश्नांचीच मोजपट्टी करावी लागते. मनोविकारतज्ज्ञ मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली अशी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्या रूढ स्वरूपात १७ बाबी आहेत. मन उदास असते का, झोप मध्येच मोडते का, कामात रस वाटतो का, वजन घटले का, हे डॉक्टर रोग्याशी बोलून पाहतात आणि प्रत्येक बाबीला गुण देतात. मात्र हे गुण परीक्षेच्या उलट! जितके जास्त, तितका आजार तीव्र. एकूण गुण ५२.

आता दोन रोगी घेऊ. उपचारानंतर पहिल्याचे गुण ३० वरून १४ वर आले, दुसऱ्याचे १८ वरून ७ वर. दोघांचेही गुण निम्म्याहून खाली गेले. याला 'प्रतिसाद' म्हणतात. उपचार लागू पडत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. गुण ७ किंवा त्याहून कमी झाले, तर ती 'लक्षणमुक्ती'. म्हणजे पहिल्याचा उतार मोठा असूनही त्याचा आजार अजून शिल्लक आहे. लक्षणमुक्ती काही महिने टिकली, तरच 'पूर्ण बरा' असे म्हणता येते. या शब्दांच्या व्याख्या अमेरिकेतील एका तज्ज्ञगटाने १९९१ साली मांडल्या.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण उरलेली लक्षणे राखेखालच्या निखाऱ्यासारखी असतात. ती राहिली, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणूनच रोग्याला बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर औषध साधारणतः सहा महिने किंवा अधिक काळ चालू ठेवतात आणि पुढे हळूहळू कमी करतात.

तरीही केवळ आकड्यावर भागत नाही. रोगी पुन्हा कामाला लागला का, माणसांत मिसळतो का, हेही डॉक्टर विचारतात. बरे होणे म्हणजे काय, असे २००६ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात रोग्यांनाच विचारले होते. त्यांनी आशा, आत्मविश्वास आणि 'पूर्वीसारखे आपण' होणे यांना फार महत्त्व दिले. दुःख नसणे आणि उमेद असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत!

तेव्हा आजारानंतर एखादा मित्र वर्गात परत आला, हसला, बोलला, तर आनंद जरूर माना, पण "आता बरा दिसतोस की, गोळ्या कशाला?" असे म्हणू नका. औषध कधी थांबवायचे हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. शिक्षकांनीही त्याच्यावर राहिलेला सारा अभ्यास एकदम लादू नये. आणि तुमचे स्वतःचेच मन दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्न राहिले, तर गुण मोजत बसू नका. घरच्या मोठ्यांना किंवा शिक्षकांना सांगा. भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. तेथे मराठीतून बोलता येते.