विचारशैलीचे मापन आणि मराठी शब्द

रुग्ण कशाचा विचार करतो याइतकाच तो विचार कसा करतो, हा प्रश्न मानसोपचारात महत्त्वाचा आहे. ॲरन बेक यांनी १९६१ साली २१ घटकांची विषादमापिका सिद्ध केली. गार्नर आणि गारफिंकेल यांची आहारवृत्ती-चाचणी १९७९ सालची. तिचे २६ विधानांचे संक्षिप्त रूप १९८२ साली आले. चिंताग्रस्ततेसाठी १६ विधानांची पेन स्टेट मापिका १९९० साली प्रसिद्ध झाली. या सर्व मापिका मूळ इंग्रजी होत. त्या मराठीत आणताना शब्दांबरोबर मोजावयाची वस्तूच बदलण्याचा संभव असतो.

‘काळजी’ हाच शब्द घ्यावा. काळजी घेणे हे कर्तव्य, तर काळजी करणे हा मनस्ताप. नाम मात्र एकच. ‘मला मुलांची फार काळजी असते’ या विधानास होकार देणारी माता चिंताविकाराने ग्रस्त आहे, की केवळ वत्सल? भिलाईनजीकच्या उतईसारख्या गावी स्थायिक झालेल्या मराठी भाषकाच्या कानी हिंदीतील ‘चिंता’ आणि छत्तीसगढीतील ‘संसो’ हे शब्दही पडत असतात. तेथे प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा, हे आधी ठरविले पाहिजे.

‘उपवास’ हा शब्द याहून फसवा आहे. किंग आणि भुग्रा यांनी उत्तर भारतातील शाळकरी मुलींना आहारवृत्ती-चाचणी दिली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात धार्मिक उपवासामुळे काही विधानांवरील गुण वाढल्याचे दिसले. अशा वेळी निरोगी मुलगी रुग्ण ठरू शकते. उलट, एखादी आजारी मुलगी चतुर्थी-एकादशीच्या आड आपली उपासमार लपवू शकते. म्हणून उपवास किती, एवढेच विचारून भागत नाही. तो सोडण्याची वेळ आली की मन प्रसन्न होते की धास्तावते, हेही विचारावयास हवे.

एरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेली १५ विधानांची मापिका या दृष्टीने उद्बोधक आहे. विचाराचा विषय ती विचारीत नाही. तो पुनःपुन्हा येतो का, नको असता येतो का, आवरता येतो का, हे ती पाहते. विचार मनात घोळणे, त्याने पिच्छा न सोडणे हे मराठी वाक्प्रचार नेमके हेच सांगतात.

तात्पर्य, मराठी भाषांतराचे पुन्हा इंग्रजीत रूपांतर करून मुळाशी ताडून पाहणे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही. उत्तर देणाऱ्याला शब्दाचा कोणता अर्थ लागला, हे त्याच्याकडूनच समजून घेतले पाहिजे. गुणांची बेरीज त्यानंतरची. आणि निदान तर केवळ त्या बेरजेवर कधीच करू नये.