बटण न दाबताही बोलणारा रेडिओ : ट्रंक पद्धतीचा एक पाठ



मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातून फोन आला. तिचा मुलगा नववीत आहे. त्याने साठवलेल्या पैशांतून एक वापरलेला वॉकीटॉकी विकत घेतला होता. खेळण्यातला नव्हे, पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोक वापरतात तसला. आपल्या भागातल्या अग्निशमन दलाचं बोलणं ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा. आई म्हणाली, "बाई, तुम्हीच समजवा त्याला." मुलगा फोनवर आला आणि त्याने सरळच विचारलं, "आजी, मी बोलायचं बटण दाबणारच नाहीये. नुसतं ऐकलं तर काय बिघडलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं तसं नाही. आजचा पाठ त्या उत्तरावरच आहे. त्यात थोडं विज्ञान आहे, थोडं गणित आहे आणि थोडं नागरिकशास्त्रही.

१. ट्रंक पद्धत म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक खात्याला स्वतःची एक रेडिओ वाहिनी असे. पोलिसांची वेगळी, अग्निशमनाची वेगळी, रस्ते विभागाची वेगळी. एकाची वाहिनी तासन् तास रिकामी पडून राही आणि त्याच वेळी दुसऱ्याच्या वाहिनीवर गर्दी उसळे.

आता आपली बँक आठवा. पूर्वी प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग असायची आणि आपली रांग नेहमी हळू सरकायची. मग टोकन आलं. सगळ्यांची रांग एकच. जी खिडकी मोकळी होईल तिचा क्रमांक फलकावर झळकतो, आपण तिकडे जायचं.

ट्रंक रेडिओ असाच चालतो. सगळ्या वाहिन्या एकत्र करून सगळ्या खात्यांना वापरायला देतात. त्यांतली एक वाहिनी टोकनच्या फलकाचं काम करते. तिला नियंत्रण वाहिनी म्हणूया. तिच्यावर माणसांचं बोलणं नसतं, सतत आकड्यांचे संदेश वाहत असतात : "अमुक गटाचं बोलणं आता तमुक वाहिनीवर." गटातले सगळे संच हा संदेश वाचून क्षणात त्या वाहिनीवर जातात. बोलणं संपलं की पुन्हा फलकाकडे परत. ओहायोत 'मार्क्स' नावाची राज्यभर पसरलेली ट्रंक यंत्रणा आहे. ती पी-२५ या मानकावर चालते. या मानकात नियंत्रण वाहिनीवर सेकंदाला ९,६०० बिट जातात.

२. वाहिन्या वाटून घेण्याचं गणित

डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत. फोनच्या किती तारा ठेवल्या म्हणजे लोकांना ताटकळावं लागणार नाही, याचं गणित त्यांनी १९०९ पासून मांडलं. एक वाहिनी तासभर अखंड व्यापलेली असेल तर तो भार १ एरलांग.

समजा पाच खाती आहेत. प्रत्येकाचं बोलणं तासाला सरासरी १२ मिनिटं, म्हणजे ०.२ एरलांग. प्रत्येकाला स्वतंत्र वाहिनी दिली, तर ती व्यापलेली सापडण्याची शक्यता ०.२ ÷ १.२, म्हणजे सहात एकदा.

आता पाचही खात्यांचा भार एकत्र करू. एकूण १ एरलांग. यासाठी मुलांना एक गंमत दाखवता येते. १ पासून सुरुवात करा. प्रत्येक पायरीला आधीच्या उत्तराला वाहिन्यांच्या संख्येने गुणा आणि १ मिळवा.

१ वाहिनी : १ × १ + १ = २
२ वाहिन्या : २ × २ + १ = ५
३ वाहिन्या : ५ × ३ + १ = १६
४ वाहिन्या : १६ × ४ + १ = ६५
५ वाहिन्या : ६५ × ५ + १ = ३२६

म्हणजे पाच वाहिन्या सामायिक ठेवल्या तर ३२६ वेळांत एकदाच सगळ्या व्यापलेल्या सापडतात. नुसत्या तीन ठेवल्या तरी १६ वेळांत एकदा. पाच स्वतंत्र वाहिन्यांपेक्षा तीन सामायिक वाहिन्या चांगलं काम देतात! (हा सोपा नियम एकूण भार बरोबर १ एरलांग असतानाच चालतो. आणि यात वाहिनी न मिळालेला माणूस थांबत नाही, निघून जातो असं धरलं आहे. प्रत्यक्ष ट्रंक यंत्रणेत त्याची विनंती रांगेत थांबते.)

३. मग 'नुसतं ऐकणं' अडतं कुठे?

बँकेत बाकावर बसून फलक वाचायला टोकन लागत नाही. पण दारातून आत आल्याबरोबर यंत्राने तुमच्या नावावर आपोआप टोकन काढलं तर? ट्रंक संच नेमकं हेच करतो.

असा संच चालू केला की तो आधी नियंत्रण वाहिनी शोधतो. ती सापडली की स्वतःहून संदेश पाठवतो : "मी अमुक क्रमांकाचा संच, मी इथे आहे, मला तमुक गट ऐकायचा आहे." ही नोंदणी. गट बदलला की पुन्हा संदेश. दुसऱ्या मनोऱ्याच्या टप्प्यात गेला की पुन्हा संदेश. यांतल्या एकाही वेळी कोणी बटण दाबलेलं नसतं. आपल्या खिशातला मोबाइल फोन न करताही मनोऱ्याशी बोलत असतो, तसंच हे.

साध्या, ट्रंक नसलेल्या वाहिनीवर सोय असते. संच प्रोग्राम करताना ऐकण्याची वारंवारता भरायची आणि पाठवण्याची रिकामी ठेवायची. मग बटण दाबलं तरी काही जात नाही. पण ट्रंकमध्ये पाठवण्याची वारंवारता आपण भरतच नाही, संच ती यंत्रणेकडून समजून घेतो. ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती ऐकण्याच्या वारंवारतेपेक्षा ४५ मेगाहर्ट्झ खाली असते. रिकामा ठेवायला रकानाच नाही!

यावर "मग बोलण्याच्या वाहिन्याच साध्या वाहिन्या म्हणून भरू, पाठवण्याचा रकाना रिकामा ठेवू" अशी युक्ती सुचते. त्यात काही प्रक्षेपित होत नाही हे खरं. पण ऐकू काय येतं? एक वाक्य अग्निशमनाचं, पुढचं रस्ते विभागाचं, त्यापुढचं पोलिसांचं. फलक न वाचता एकाच खिडकीकडे बघत बसल्यासारखं.

४. एका खोट्या नोंदणीने काय होतं?

हे मुलांना आवर्जून सांगा, कारण "कोणाचं काय जातंय?" हा प्रश्न येतोच.

ट्रंक संचाला एक क्रमांक द्यावा लागतो. मुलाने अंदाजाने भरलेला क्रमांक एखाद्या खऱ्या जवानाचा निघाला, तर तो जवान आता मुलाच्या घराजवळच्या मनोऱ्यावर आहे अशी यंत्रणेची समजूत होते. त्याच्यासाठीचा निरोप भलत्या मनोऱ्याकडे जाऊ शकतो. दुसरं असं की ज्या मनोऱ्याखाली गटाचा एखादा संच नोंदलेला असतो, तिथेच त्या गटाचं बोलणं पाठवलं जातं. खोट्या नोंदणीमुळे लांबच्या गटाचं बोलणं इथल्या मनोऱ्यावर ओढलं जातं आणि इथली एक वाहिनी विनाकारण अडते. त्याच क्षणी इथे आग लागली असेल तर? शिवाय अशा संचांवर बहुधा एक नारिंगी आणीबाणीचं बटण असतं. ते चुकून दाबलं गेलं तर नियंत्रण कक्षात संकटाचा इशारा वाजतो.

५. मग ऐकायचं कसं?

ज्या यंत्रात प्रक्षेपकच नाही, असं यंत्र घ्यायचं. एक पर्याय म्हणजे ट्रंक समजणारा स्कॅनर. तो फलक वाचतो, गटामागे जातो, पण टोकन काढत नाही. दुसरा स्वस्त पर्याय म्हणजे संगणकाला जोडायचा छोटा ग्राहक. टीव्ही बघण्यासाठी बनवलेले हे डाँगल रेडिओ ग्राहक म्हणून वापरता येतात, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी दाखवून दिलं. 'एसडीआरट्रंक' हे मोफत सॉफ्टवेअर नियंत्रण वाहिनी वाचून बोलण्याच्या वाहिनीमागे जातं. असं डाँगल एका वेळी साधारण २.४ मेगाहर्ट्झचाच पट्टा बघू शकतं, म्हणून वाहिन्या दूर दूर असतील तर दोन लागतात. संगणकाच्या पडद्यावर न थांबणारी, सलग रेघ दिसते ती नियंत्रण वाहिनी. कूटबद्ध बोलणं असेल तर तिथे थांबायचं. ते उलगडायच्या नादी लागायचं नाही.

६. कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने परवान्याशिवाय प्रक्षेपणाला बंदी आहे. १९८६ च्या कायद्यानुसार कूटबद्ध नसलेलं, सर्वांना सहज ऐकू येणारं पोलीस-अग्निशमनाचं बोलणं ऐकता येतं. मोबाइलवरचं संभाषण मात्र नाही. गाडीत स्कॅनर ठेवण्याबद्दल काही राज्यांचे वेगळे नियम आहेत, ते आधी पाहावेत.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. इथे १९३३ च्या कायद्यापासून बिनतारी संच जवळ बाळगायलाही परवाना लागत आला. आता त्या जागी दूरसंचार कायदा २०२३ आणला आहे. दुसऱ्याचे संदेश अनधिकृतपणे पकडणं हा गुन्हा आहे. म्हणून वरचा प्रयोग पोलिसांच्या वाहिन्यांवर इथे करू नका. वर्गात एफएम केंद्रांच्या लहरी डाँगलवर दाखवल्या तरी मुलं हरखून जातात. ज्यांना खरंच गोडी लागेल त्यांना हौशी रेडिओच्या परीक्षेची वाट दाखवा. बारा वर्षं पूर्ण झाली की ती देता येते.

७. वर्गातला उपक्रम

पाच मुलं 'वाहिन्या', एक मुलगी 'फलक', बाकीचे तीन गट. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा. फलक वाहिनी नेमून देईल, गटाने तिथे धावायचं. दोघांना वेगळे ठेवा. एक फक्त फलक वाचून गटामागे जाईल, दुसरा दर वेळी "मी आलो" असं मोठ्याने ओरडेल. पाच मिनिटांनी विचारा : दोघांनी ऐकलं सारखंच, मग खेळात अडथळा कोणामुळे आला?

स्वाध्याय

१. नियंत्रण वाहिनीवर माणसांचं बोलणं का नसतं?
२. सहा सामायिक वाहिन्या असतील तर वरच्या पद्धतीने उत्तर किती येईल?
३. मोबाइल आणि ट्रंक संच यांतली दोन साम्यं लिहा.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी गप्प बसलो तरी तो गप्प बसत नाही." त्याने संचाची बॅटरी काढून कपाटात ठेवली आहे आणि डाँगलसाठी पुन्हा पैसे साठवतोय. अर्धे पैसे आई घालणार आहे, असं कळलं. तुमच्या वर्गात हा उपक्रम केलात तर मुलांनी काय काय विचारलं ते जरूर लिहून ठेवा. पुढचा पाठ त्यातूनच सुचतो.