शितावरून भाताची परीक्षा कधी चुकते?

‘संशोधनात असे आढळले’ हे शब्द छापून आले, की आपण पुढचे सारे खरे मानतो. पण संशोधन कोणावर झाले, हे आधी विचारायला हवे. याचे एक उदाहरण आज देतो. विषय नाजूक आहे. तरीही दवाखान्यात दार लावून घेतल्यावर हे प्रश्न विचारले जातात, म्हणून लिहितो.

अमेरिकेत काही जोडपी एकमेकांच्या संमतीने एकाहून अधिक जोडीदार ठेवतात. काहीजण संमतीनेच हातपाय बांधणे, हुकूम चालवणे, वेदना देणे-घेणे असे प्रकार कामजीवनात करतात. या लोकांवर बरेच अभ्यास झाले. २०११ साली एलिझाबेथ शेफ आणि कोरी हॅमर्स या दोन समाजशास्त्रज्ञांनी ते अभ्यास एकत्र तपासले. बहुतेक ठिकाणी उत्तरे देणारे गोरे, मध्यमवर्गीय आणि कॉलेज शिकलेलेच निघाले!

मग हे सुखवस्तू लोकांचेच चोचले म्हणायचे का? तसे नाही. संशोधकांनी माणसे मिळवली ती मंडळे, मेळावे, इंटरनेट आणि ओळखीच्यांच्या ओळखी यांतून. तिथे आधीच एका थरातले लोक जमलेले. शिवाय उघडपणे बोलायची ऐपत लागते. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, वकील करता येईल, अशा माणसाला बोलणे परवडते. ज्या कृष्णवर्णीय वा गरीब आईला आपली मुलेच काढून घेतली जातील अशी भीती आहे, ती गप्प बसते. गप्प बसली म्हणजे ती नाहीच, असे नव्हे.

याची प्रचीती २०१७ साली आली. अमेरिकेतील अविवाहित प्रौढांच्या दोन मोठ्या राष्ट्रीय पाहण्यांत, संमतीने एकाहून अधिक जोडीदारांचे संबंध कधी ठेवले होते का, असे विचारले. पाचांत एकाहून थोडे अधिक लोक ‘हो’ म्हणाले. आणि शिक्षण, उत्पन्न, वंश यांनुसार त्यात फरक पडला नाही. पुरुषांत मात्र प्रमाण अधिक होते. ही पाहणी अविवाहितांपुरतीच होती, हेही लक्षात ठेवावे.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. वरवरचे शीत काढले, तर तळाचे काय कळणार?

यातून आपण काय घ्यायचे?

१. पेशंटच्या कपड्यांवरून वा शिक्षणावरून त्याच्या खासगी आयुष्याचा अंदाज बांधू नये. गुप्तरोगाचे जंतू पगार विचारत नाहीत.

२. संमती म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक. जिच्या हाती स्वतःचा पैसा नाही, माहेरचा आधार नाही, तिचा नुसता होकार ही संमती नव्हे. सुशिक्षितांच्या अभ्यासातले निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावू नयेत.

३. संमतीने केलेल्या अशा वागण्याला जागतिक आरोग्य संघटना केवळ त्या कारणाने आजार मानत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या रोगसूचीत हे स्पष्ट आहे. मात्र गळा दाबण्याचा प्रकार कधीच सुरक्षित नसतो. त्यात मृत्यू येऊ शकतो.

४. एकाहून अधिक जोडीदार असल्यास निरोध वापरावा, ठरावीक काळाने एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करावी, हिपॅटायटिस-बी ची लस घ्यावी. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याने ती गुप्त राखणे बंधनकारक आहे.

डॉक्टरांपुढे खरे बोलायला श्रीमंती लागू नये. आपल्या डॉक्टरांना निःसंकोचपणे सांगा. ऐकून घेणे हे त्यांचे कामच आहे.