गाय गाभण कां राहत नाहीं ?

नीरा डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास खालीं वाहूं लागलें आणि पुढें बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस उभा राहिला. त्याबरोबर गोठाहि पालटला. पूर्वीं येथें मोटेसाठीं व नांगरासाठीं खिल्लार बैल जोपासले जात. १९६७ सालीं मणिभाई देसाई यांनीं उरुळीकांचन येथें बायफ संस्था स्थापिली. तिनें संकरित पैदाशीचा मोठा प्रसार केला आणि आज कित्येक घरांचा बाजारहाट दुधावर चालतो. अशा घरीं गाईचा एक माज चुकला तर २१ दिवसांचा चारा फुकट जातो. दोष मात्र बहुधा रेतावर किंवा नशिबावर टाकला जातो.

गाईच्या गर्भाशयाच्या दोन शिंगांच्या टोकांशीं दोन बीजकोश असतात. साधारणतः दर २१ दिवसांनीं त्यांपैकीं एकांत बीज पक्व होतें. त्या वेळीं जो रस रक्तांत मिसळतो त्यामुळें गाय हंबरते, दूध चोरते, दुसरीस आपल्यावर उडूं देते व काचेसारखा स्वच्छ सोट टाकते. हा माज १२ ते १८ तास टिकतो. परंतु बीज माजाच्या भरांत सुटत नाहीं. माज ओसरल्यावर १० ते १२ तासांनीं सुटतें व थोडेच तास जगतें. गोठविलेलें रेतहि फार काळ टिकत नाहीं. म्हणून सकाळीं माज दिसल्यास सायंकाळीं व सायंकाळीं दिसल्यास दुसऱ्या सकाळीं रेतन करावें. माज रात्रीं व पहांटे अधिक दिसतो. तेव्हां निजण्यापूर्वीं गोठ्यांत एक फेरी अवश्य मारावी. म्हशीचा माज तर पुष्कळदां मुका असतो, विशेषतः उन्हाळ्यांत.

आतां दावणीकडे पाहूं. माळेगांव, भवानीनगर अशा कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला कीं वाढें स्वस्त होतें, आणि चार-पांच महिने गाईपुढें दुसरें कांहीं पडतच नाहीं. वाढ्यांत ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार असतात. ते चाऱ्यांतील चुन्याशीं संयोग पावून न विरघळणारा पदार्थ बनतो, व तो चुना अंगीं न लागतां शेणावाटें जातो. वाढ्यांत प्रथिनें व स्फुरदहि थोडेंच. गाईचें शरीर आधीं आपला जीव व दूध सांभाळतें. बीज पिकविण्याचें काम तें सर्वांत शेवटीं ठेवितें. यामुळें पोट भरलेली, पण माजावर न येणारी गाय आपल्या भागांत दिसते. वाढें अजिबात टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. तें टाकून देणें परवडणारहि नाहीं. मात्र तें कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, कडबा व लसूणघास यांत मिसळून द्यावें, आणि रोज ५० ते १०० ग्रॅम क्षारमिश्रण खुराकांत घालावें.

माज नियमित असून तीन वेळां रेतन करूनहि गाय उलटत असेल तर सोट पाहावा. तो गढूळ किंवा पुवाचा असल्यास गर्भाशयांत दाह आहे असें समजून पशुवैद्यास दाखवावें. याचें मूळ अनेकदां मागील वितांत असतें. वार १२ तासांत न पडल्यास ती ओढणें, तिला दगड बांधणें हे प्रकार घातक होत.

सहाव्या महिन्यानंतर गाभ टाकल्यास सांसर्गिक गर्भपाताचा संशय धरावा. तो गाभ व वार उघड्या हातानें उचलूं नये, चुना टाकून खोल पुरावी, व दूध उकळल्यावांचून पिऊं नये, कारण हा रोग माणसासहि जडतो. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयांत त्याची लस टोंचतात.

शेवटीं एक फसगत सांगतों. बीज सुटलेल्या जागीं पिवळी गांठ बनते. गर्भ राहिल्यास ती टिकते, न राहिल्यास विरते व गाय पुन्हां माजावर येते. परंतु गर्भाशयांत पू सांचला तरीहि ती गांठ विरत नाहीं. प्रस्तुत लेखकानें अशी एक गाय माजावर येत नाहीं म्हणून गाभण समजून चार महिने पेंड चारली ! रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांत तपासणी करून घेतली असती तर तें तेव्हांच उमगलें असतें.